हवा कमी पडते

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. डिझेलचा मोठा पंप बसवायची कल्पना माझी नव्हती. आमच्या इमारतीत आज कुणालाही विचारा, ‘त्यांनाच भारी हौस’ असंच सांगतील, आणि वर तोंडावर रुमाल धरून हसतील. पण हसणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्या दिवशी माझ्या गाडीच्या उघड्या बॉनेटभोवती उभे राहून ‘बसवताय तर मोठाच बसवा’ असं म्हणत होते. कोण कोण ते मला पाठ आहे. सभ्यपणा आडवा येतो म्हणून सांगत नाही.

झालं असं की माझ्या मुलीला नोकरी लागली. डोंगरावरच्या एका गावात हवामान खात्याचं केंद्र आहे, तिथं रोज पाऊस, वारा आणि हवेचा दाब मोजायचा. गाव आमच्यापासून आठ तासांवर, त्यातले शेवटचे तीन तास नुसता चढ. एक तारखेला, सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं. मी त्याच दिवशी जाहीर करून टाकलं की तिला सोडायला मी स्वतः जाणार, आणि आपल्याच गाडीनं जाणार.

“कशाला उगाच?” मेहुणा म्हणाला. “टॅक्सी करून द्या. ड्रायव्हर सामानही चढवतो वर.”

मेहुण्याचा सल्ला हा एक स्वतंत्र विषय आहे, पण तो इथं नको. टॅक्सीला मी नाही म्हणालो त्याचं खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलगी पंधरा वर्षांची झाल्यापासून आम्हा दोघांमधलं बोलणं ‘जेवलीस का’, ‘चार्जर कुठाय’ आणि ‘बाबा, दार लावून घे’ एवढ्यावर येऊन थांबलं होतं. भांडण काही नव्हतं. ती तिच्या खोलीत, मी माझ्या खुर्चीत, आणि मध्ये तिची आई निरोप इकडून तिकडे पोहोचवायला. सामान इतकं होतं की गाडीत दोघांपुरतीच जागा उरणार होती. माझा हिशेब साधा होता. दोन माणसं आठ तास शेजारी शेजारी बसली की एकाला तरी बोलावंच लागतं. मला ते आठ तास हवे होते, आणि ते मी कुठल्याही टॅक्सीला देणार नव्हतो.

अडचण गाडीची होती. गाडी चौदा वर्षांची, डिझेलवर चालणारी. सपाटीवर शहाण्यासारखी वागायची, पण साधा उड्डाणपूल आला की तिला धाप लागायची. निघायला अठरा दिवस होते. आमच्या मिस्त्रीनं कानाजवळ हात धरून इंजिन ऐकलं आणि पंप थकलाय असं सांगितलं. तेवढ्यात तळमजल्यावरचे बोटवाले काका आले. काका तीस वर्षं मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळत होते, आणि त्यांच्या मते जमिनीवरच्या सगळ्या इंजिनांची एकत्र ताकद त्यांच्या एका इंजिनाच्या पासंगालाही पुरत नाही.

“मोठा पंप बसवा,” काका म्हणाले. “इंजिनाला उपाशी ठेवून चढ चढवणार का? बोटीवर आम्ही...”

बोटीवर ते काय करायचे हे मी इथं लिहीत नाही. तासभर लागेल.

मोठा पंप बसला. आता इथं माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मी वजनमापांचा निरीक्षक आहे. तराजू, मापं, पेट्रोल पंपावरची डिझेल मोजणारी यंत्रं, हे सगळं तपासणं आणि बरोबर असेल तर त्याला सील लावणं हे माझं काम. ज्या स्क्रूनं माप कमीजास्त करता येतं त्या स्क्रूमधून पीळदार तार ओवायची, तारेच्या टोकांवर शिशाची गोळी ठेवायची आणि कचेरीचा छाप असलेल्या पकडीनं ती दाबायची. मग तो स्क्रू कुणाच्या बापाला फिरवता येत नाही. सव्वीस वर्षं मी हे करतोय. जगात जेवढी लबाडी चालते ती सगळी उघड्या स्क्रूमधून आत शिरते, हे माझं ठाम मत आहे.

त्यामुळे पंप बसवून गाडी घरी आणली त्या संध्याकाळी मी बॉनेट उघडून पाहिलं तेव्हा मला धक्काच बसला. सगळं उघडं! पंपावर एक स्क्रू होता, त्याला कुणीही पाना लावावा आणि फिरवावा. त्याच्या खाली, टर्बोच्या बाजूला, एक बारीक दांडी होती आणि तिच्यावर चक्क आटे पाडलेले, नट बसवलेला. म्हणजे हेही कमीजास्त करता येणारच! दौऱ्यावरून थेट घरी आल्यामुळे पकड पिशवीतच होती. ती कचेरीची होती आणि गाडी माझी होती, हे मी मान्य करतो. मी पंपाच्या स्क्रूला एक सील लावलं आणि दांडीच्या नटातून तार ओवून, ती बाजूच्या पट्टीला चांगली आवळून, दुसरं लावलं. हात काळे झाले, पण त्या दिवशी जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू करून मी जरा ॲक्सिलरेटर दाबला आणि मागे काळोख झाला.

काळोख म्हणजे अतिशयोक्ती नाही. गाडीच्या मागून इतका काळा धूर निघाला की समोरच्या इमारतीचे दोन मजले दिसेनासे झाले. समोरच्या वहिनींनी नुकत्याच सहा चादरी वाळत घातल्या होत्या. सहाही पांढऱ्या. त्यानंतर वहिनी जे बोलल्या ते मी गाडीच्या काचा वर करून ऐकलं, तरी सगळं ऐकू आलं. बरं, एवढा धूर काढून गाडी पळेल तर शपथ! कोपऱ्यावरचा चढ ती पहिल्या गिअरवर, कण्हत चढली. एक आजोबा काठी टेकत माझ्या पुढे निघून गेले, आणि जाताना काचेतून माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून गेले.

संध्याकाळी इमारतीच्या कमिटीची नोटीस दाराखालून आत आली. ‘आवारात वाहनाने प्रदूषण करू नये.’ नाव लिहिलेलं नव्हतं, पण नोटीस फक्त माझ्याच दाराखालून सरकवली होती.

“अहो, गाडी राहू दे ना,” बायको म्हणाली. “पोरगी वेळेवर पोहोचली म्हणजे झालं.”

“ती वेळेवरच पोहोचेल,” मी म्हणालो, “आणि या गाडीनंच पोहोचेल.” आवाज जरा चढला होता. आतल्या खोलीतून मुलीनं डोकं बाहेर काढलं, दोघांकडे पाहिलं आणि परत आत घेतलं.

मिस्त्रीनं या वेळी बॉनेट उघडायचीही तसदी घेतली नाही. “साहेब, डिझेल वाढलं, हवा तेवढीच राहिली. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं, त्याचाच हा धूर. आता ट्यूनिंग करावं लागेल. ते लॅपटॉपचं काम, शेजारच्या ताई करतात.”

शेजारच्या ताई म्हणजे तिशीतली एक मुलगी. पायात बूट, खांद्यावर लॅपटॉप, तोंडात च्युइंगगम. तिनं स्टिअरिंगखाली वायर खुपसली आणि मला म्हणाली, “काका, गाडी काढा रस्त्यावर.”

मी बावन्न वर्षांचा आहे. बोटवाल्या काकांना मी काका म्हणतो. मला काका म्हणायला अजून वेळ आहे असं मला वाटतं, पण ते असो. एक फेरी मारून आल्यावर तिनं पडदा माझ्याकडे वळवला.

“टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, एवढं माहितीये ना? त्या हवेच्या दाबाला बूस्ट म्हणतात. ही बघा, गाडी मागतेय एक पूर्णांक चार. मिळतंय शून्य पूर्णांक सहा.”

माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मागितलं त्याच्या निम्मंसुद्धा नाही! अहो, दुधाच्या मापात अर्धा टक्का फरक निघाला तर मी दुकानदाराला उभं जाळायचं बाकी ठेवतो, आणि इथं माझ्याच गाडीत, माझ्याच नाकाखाली, निम्म्याहून जास्त हवेची चोरी!

“मग वाढवा की लॅपटॉपवरून,” मी म्हणालो.

“लॅपटॉप हवा बनवत नाही, काका. कुठं गळतीये ते आधी शोधा. होसपाइप, क्लिपा बघून घ्या. मग या. आत्ता ट्यूनिंग केलं तर नुसता धूर वाढेल.”

गळती शोधायची म्हटल्यावर बोटवाले काका पायजम्याच्या बाह्या... म्हणजे सदऱ्याच्या बाह्या सरसावून हजर झाले. या आठवणीनं माझं अजूनही भान सुटतं. साबणाचं पाणी पाइपांवर ओतायचं आणि बुडबुडे कुठं येतात ते पाहायचं, अशी त्यांची पद्धत. मी घरातून भांड्यांचा साबण आणला. काकांनी तो पाण्यात न कालवता जवळपास तसाच ओतला, आणि मी इंजिन सुरू केलं. बुडबुडे आले. बुडबुडे सगळीकडूनच आले. पंख्यानं फेस उडवला तो काकांच्या चष्म्यावर, शेजारच्या स्कूटरवर आणि, नशीब बघा, समोरच्या वहिनींवर, ज्या चादरी दुसऱ्यांदा धुतल्याचं सांगायला आल्या होत्या. गळती सापडली नाही. बॉनेट मात्र आतून लख्ख झालं.

पुसता पुसता काकांची मान एकदम खाली गेली. “ही शिशाची गोळी कसली हो इथं, खाली?”

“ती माझी आहे,” मी म्हणालो. “तिला हात लावू नका. तिथलं सगळं ठीक आहे, मी स्वतः पाहून सील लावलंय.”

“बोटीवर आम्ही...”

“ही बोट नाही!” मी ओरडलो. काका दुखावले. दोन दिवस त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, आणि मला एवढ्या सगळ्यात ती एकच गोष्ट बरी वाटली.

मग मी दाबाचा एक काटा विकत आणला, कारण लॅपटॉपवर माझा विश्वास नव्हता. मात्र विकतच्या काट्यावर तरी का ठेवायचा? तो मी कचेरीतल्या प्रमाण काट्याशी ताडून पाहिला, दोन दिवस, तीन वेगवेगळ्या तापमानांना. काटा बिनचूक निघाला. गाडीला जोडला तेव्हा त्यानंही शून्य पूर्णांक सहाच दाखवलं. एका चुकीच्या गोष्टीचं इतकं अचूक मोजमाप मी नोकरीत कधी केलं नव्हतं. यात निघायला नऊ दिवस उरले.

गाडी परत ताईंकडे गेली. या वेळी त्यांनी ती वर उचलून घेतली आणि बॅटरी घेऊन खालून पाहायला लागल्या. मी बाकावर बसून होतो. जरा वेळानं त्यांचं च्युइंगगम चघळणं थांबलं. त्यांनी मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्रीनं वाकून पाहिलं, हात पटकन मागे घेतला, आणि दोघं कोपऱ्यात जाऊन कुजबुजायला लागले. मधूनमधून माझ्याकडे बघत होते. मग मिस्त्रीनं माझ्यासाठी चहा मागवला. बारा वर्षांत त्यानं मला चहा पाजला नव्हता.

“साहेब,” तो माझ्या शेजारी बसून हळूच म्हणाला, “गाडी राहू द्या इथं. दोष कुठं आहे ते कळलंय. पण त्याला हात लावायचा तर एका ठिकाणहून परवानगी घ्यावी लागेल.”

“परवानगी? कसली परवानगी?”

“असते एक. तुम्ही नका काळजी करू. आम्ही कुठं बोलणार नाही. कुणावरही वेळ येते, साहेब.”

मला काही बोध झाला नाही. वेळ कसली, कुणावर? इंजिनात फेरफार करायला वाहतूक खात्याचा कागद लागत असेल, असं मी धरून चाललो आणि चहा संपवला. मिस्त्रीनं बाहेर येऊन मला रिक्षासुद्धा थांबवून दिली. जाताना माझा खांदा दाबला.

इकडे कचेरीत त्याच आठवड्यात एकेक नग येत होते. एका दिवशी कारकुनानं टेबलावर एक अर्ज ठेवला. कुठल्याशा तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या संस्थेचा, तीन इंग्रजी आद्याक्षरांचं नाव. ‘दुरुस्तीस आलेल्या एका वाहनाच्या भागावर आपल्या कार्यालयाचे सील आढळले आहे. ते काढण्याची परवानगी मिळावी.’ वाचून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. वाहनाच्या भागावर सील? आमचं खातं वाहनं मोजतं का? लोकांना कुठल्या कचेरीकडे काय मागावं याचंही भान राहिलेलं नाही. मी तिथल्या तिथं शेरा मारला, ‘हे कार्यालय वाहनांस सील लावत नाही. तथापि सील आढळल्यास ते तोडू नये. तोडल्यास कारवाई करण्यात येईल. अर्ज विहित नमुन्यात नाही. नामंजूर.’ खाली सही ठोकली.

तीन दिवसांनी तोच अर्ज परत आला, या वेळी विहित नमुन्यात, छायाचित्रासह. छायाचित्राची झेरॉक्स जोडली होती आणि तीत काळ्यावर काळं असं काहीतरी होतं. ‘छायाचित्र अस्पष्ट. नामंजूर.’ कामात कसूर मला खपत नाही.

तोपर्यंत मंगळवार उजाडला होता आणि रविवारी पहाटे निघायचं होतं. मी रोज मिस्त्रीला फोन करत होतो.

“आली का परवानगी?”

“नाही, साहेब. परत फेटाळला अर्ज.”

“फेटाळला? कोण आहे हा अधिकारी? माझ्या मुलीची नोकरी आहे तिकडे! असल्या खुर्चीला चिकटलेल्या लोकांमुळे सगळं अडतं, मिस्त्री. नाव सांगा मला त्याचं, मी बघतो.”

“सही वाचता येत नाही, साहेब.”

“वाचता येणारच नाही! मुद्दाम करतात तशी. म्हणजे उद्या कुणी धरायला नको.”

बुधवारी मेहुण्यानं आपण होऊन टॅक्सी ठरवली. बायकोनं ते मला भाजी वाढता वाढता, माझ्याकडे न बघता सांगितलं. मी चमचा खाली ठेवला. मला फार राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो नुसता राग नव्हता. मला रडू येईल की काय अशी भीती वाटली. मुलगी ताटावरून उठली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

“टॅक्सी नको मला,” ती म्हणाली. “मी बाबाबरोबर जाणारे. गाडी जशी चालेल तशी.”

शुक्रवारी दुपारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्या अधिकाऱ्याचा छडा लावायचाच असं ठरवून गॅरेजवर गेलो. मुलगीही आली. मी मिस्त्रीला म्हणालो, “काढा ते कागद. आत्ताच्या आत्ता त्या कचेरीत जातो आणि टेबलावर हात आपटतो.”

मिस्त्री ताईंकडे बघायला लागला. ताई म्हणाल्या, “काका, वाईट वाटून घेऊ नका. गाडीवर सरकारी सील आहे. एक पंपावर आणि एक टर्बोच्या दांडीवर. पंपाचं सोडा, पण दांडी तारेनं बांधलीये. गाडीला जास्त हवा हवी असते तेव्हा ती दांडी वर ओढली जायला पाहिजे, ती अर्ध्यातच अडकते. तुमच्यावर काही केस-बिस चालू असेल, म्हणून आम्ही तुम्हाला विचारलं नाही. आणि सरकारी सील तोडायचं म्हणजे...” त्यांनी कागद पुढे केले.

मी ते घेतले. आमचंच लेटरहेड. आमच्याच कारकुनाचा टाइप. ‘तथापि सील आढळल्यास ते तोडू नये.’ हे वाक्य मला तेव्हा फार चांगलं वाटलं होतं.

मुलीनं माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. “बाबा,” ती म्हणाली, “ही तुझी सही आहे.”

“कशावरून?”

“दहा वर्षं प्रगतिपुस्तकावर बघितलीये मी. एकदा तशीच करूनही पाहिली होती. गणितात नापास झाले होते तेव्हा.”

हे मला नवीन होतं. पण त्या क्षणी तिला रागवण्याइतकी पत माझ्याकडे उरलेली नव्हती.

मिस्त्री एक नट पुसत होता, तो पुसतच राहिला. ताईंनी च्युइंगगम काढून कागदात गुंडाळलं, बहुधा हसू दाबायला. मला भयंकर संताप आला होता, फक्त तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. त्यांनी विचारायला नको होतं का? एक शब्द? साधी पक्कड घेऊन तार तोडायला नको होती का? सव्वीस वर्षं दुकानदार माझी सीलं माझी पाठ वळली की तोडतात, दातांनी तोडतात, आणि ज्या दोन माणसांनी पहिल्यांदा माझ्या सीलचा मान राखला त्यांनी तो माझ्याच गाडीवर राखावा! याचं मला वाईट वाटलं आणि, आता लपवून काय करू, थोडं बरंही वाटलं.

“पक्कड आणा,” मी म्हणालो.

“पण साहेब, परवानगी...”

तो चुकत नव्हता. अर्ज नामंजूर होता. मी बाकावर बसलो, कोरा कागद मागितला आणि रीतसर पंचनामा लिहिला. सील लावणारा, मी. वाहनाचा मालक, मी. अर्ज नामंजूर करणारा, मी. आता तो मंजूर करणारा, मी. पंच म्हणून मिस्त्री आणि ताईंच्या सह्या घेतल्या. मुलगी मजकूर सांगत होती, कारण मला शब्द सुचत नव्हते. ‘सदर सील गैरसमजातून लावण्यात आले होते,’ असं तिनं सांगितलं. मी गैरसमज खोडून ‘अनवधान’ केलं. तिनं ते खोडून परत गैरसमज केलं.

कट्‌ असा आवाज झाला आणि गोळी खाली पडली. ताईंनी इंजिन सुरू केलं. ती दांडी, इतके दिवस जखडलेली, टुणकन वर गेली. रस्त्यावर फेरी मारली तेव्हा लॅपटॉप म्हणाला एक पूर्णांक चार, आणि माझा काटाही म्हणाला एक पूर्णांक चार. मग कुठं खरं ट्यूनिंग सुरू झालं. डिझेल किती आणि हवा किती याचे आकडे जुळवत ताई शनिवारी संध्याकाळपर्यंत बसल्या. धूर गेला. शनिवारी मी गाडी मुद्दाम समोरच्या वहिनींच्या गॅलरीखाली उभी करून दोन मिनिटं इंजिन फिरवलं. त्यांनी तरीही चादरी आत घेतल्या. काही लोकांना पुरावा देऊन उपयोग नसतो.

रविवारी पहाटे निघालो. बायकोनं दारातच मुलीला मिठी मारली ती बराच वेळ सोडली नाही. बोटवाले काका पायऱ्यांवर उभे राहून म्हणाले, “बघा, मोठा पंपच लागतो.” मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आणि काय सांगू, गाडी पळाली! जिथं धाप लागायची तिथं ती गुणगुणत चढत होती. ट्रक मागे पडले, बस मागे पडली. पहिले दोन तास मी नुसताच काट्याकडे बघत होतो. मला बोलायचं होतं, पण नाश्ता झाल्यावर बोलू असं ठरवलं. नाश्ता झाल्यावर तिला झोप लागली. मग पेट्रोल पंपावर माप बघायला उतरलो, कारण सवय जात नाही. मग घाट लागला. तीन तासांचा तो चढ, ज्याच्यासाठी मी हे सगळं केलं, तो गाडीनं सव्वा तासात संपवला. मी वाक्य मनात जुळवत होतो, पहिलं वाक्य सोपं असावं म्हणून, आणि समोर पाटी आली. गाव आलं होतं.

“बाबा, केवढ्या लवकर आलो!” ती डोळे चोळत म्हणाली. “आठ तास म्हणत होतास. सहासुद्धा झाले नाहीत!”

माझे दोन तास कुणी घेतले? याची तक्रार मी कुठल्या कचेरीत करायची? मला त्या पंपाचा राग आला, त्या दांडीचा आला, ताईंच्या लॅपटॉपचा आला. अठरा दिवस मी रक्त आटवलं ते मुलीला माझ्या गाडीतून दोन तास आधी उतरवायला!

तिच्या फोनमधली बाई बोलली, “आपण पोहोचला आहात. आपलं ठिकाण उजव्या हाताला आहे.” उजव्या हाताला फाटक होतं, हवामान केंद्राच्या वसतिगृहाची पाटी होती, पहारेकरी उभा होता. मी सरळ पुढे गेलो.

“बाबा, मागे राहिलं.”

“असं का? दिसलं नाही मला.”

मी टपाल कचेरीवरून वळसा घातला, शाळेचं मैदान ओलांडलं, औषधाच्या दुकानावरून परत त्याच रस्त्याला लागलो. फोनमधली बाई पुन्हा म्हणाली, “आपलं ठिकाण उजव्या हाताला आहे.” मी पुन्हा पुढे गेलो. या वेळी दिसलं नाही असंही म्हणालो नाही. मुलगी माझ्याकडे बघत होती हे मला न बघता कळत होतं. मग तिनं फोन उचलला, त्या बाईचा आवाज बंद केला आणि फोन पर्समध्ये टाकला.

“गणितात नापास झाले होते ना,” ती म्हणाली, “ते खरं तर दोनदा झाले होते. दुसऱ्यांदाचं आईलाही माहीत नाही.”

“दोनदा?”

“सांगते. पण आणखी एक चक्कर मार.”

मी गाडी दुसऱ्या गिअरवर टाकली. इतक्या हळू चालवताना टर्बोचा काही उपयोग होत नाही.